भोंगा आणि परवचा

२०२२ सालच्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने एक ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, आणि मुलांनी दप्तर उघडून बसायचं. दीड तासाने, साडेआठला, पुन्हा भोंगा. मग ज्याला जे बघायचं ते त्याने बघावं.

करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली होती. पुढे शाळा पुन्हा भरू लागली, पण मोबाइल मुलांच्या हातातून सुटेना. तेव्हा गावाने हा उपाय काढला. नुसता भोंगा बसवून काम भागलं नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून सांगत राहिले. सुरुवातीला कुरकुर झाली, थट्टाही झाली. हळूहळू संध्याकाळचे सात म्हणजे अभ्यास, हे गावाच्या अंगवळणी पडलं.

या गोष्टीतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी बाब. ‘अभ्यास करा रे’ असं मुलांना सांगणारी माणसं प्रत्येक गावात असतात. या गावाने मुलांना वेळ काढून दिली, आणि ती देताना मोठ्यांनी स्वतःच्या मालिका सोडल्या.

याहून कितीतरी जुनी एक संध्याकाळ मराठी घरांना ठाऊक आहे. दिवेलागण झाली, देवापाशी निरांजन लागलं, शुभंकरोति म्हणून झालं की परवचा सुरू व्हायचा. पाढे, त्यापाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीपर्यंत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. समोर पुस्तक नसायचं. जे येतं ते तोंडाने बाहेर काढायचं, अडलं की मोठ्या माणसाने पुढचा आकडा सांगायचा, आणि उद्या पुन्हा तिथूनच सुरुवात.

भोंगा म्हणजे ठरलेली वेळ. परवचा म्हणजे पुस्तक मिटून आठवणं. चांगल्या अभ्यासाविषयी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मानसशास्त्राने जे काही खात्रीने सांगितलं आहे, त्यातला बराच मोठा भाग या दोन शब्दांत मावतो. भोंग्यामुळे मूल अभ्यासाला बसतं आणि परवच्यामुळे बसल्याचं चीज होतं. दोहोंपैकी एकच असेल तर मेहनत वाया जाते, आणि मेहनती मुलाची मेहनत वाया जाताना बघण्याइतकं दुःखाचं काही नाही. म्हणूनच हे प्रकरण.

मनाशी रोजचं भांडण

शाळेतून आल्यावरची वेळ आठवा. हातपाय धुऊन झाले, खाणं झालं. ‘जरा वेळाने बसतो.’ जरा वेळाने कुणीतरी हाक मारतं. मग मोबाइलवर एकच व्हिडिओ. मग क्लासची वेळ होते. क्लासहून आल्यावर भूक, जेवल्यावर झोप. आळस केला असं मुलाला वाटत नाही, कारण ते दिवसभर मनाशी झगडतच होतं. आता बसू, मग बसू, गणित घेऊ, नको, इतिहास घेऊ. अभ्यासाआधीच्या या ओढाताणीत इतकी शक्ती जाते की अभ्यासासाठी काही उरत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या मोठ्या ग्रंथात सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यातलं म्हणणं आजही तितकंच खरं आहे. रोजची शक्य तितकी कामं सवयीच्या हवाली केली, तर मन वरच्या दर्जाच्या कामाला मोकळं राहतं. दात घासायचे की नाही, यावर आपण रोज सकाळी विचार करत नाही. अभ्यासाला बसण्याची क्रिया त्या पंक्तीला नेऊन बसवणं, हे सवयीचं काम.

ते नेऊन बसवायचं कसं? पीटर गोल्विट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी काय काय केलं, याचा वृत्तान्त दोन दिवसांच्या आत लिहून पाठवण्याचं काम विद्यार्थ्यांना दिलं होतं. निम्म्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगितलं. उरलेल्यांना विचारलं, ‘नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिणार, ते आत्ताच ठरवा.’ वेळ आणि जागा ठरवलेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के जणांनी मुदतीत काम पुरं केलं. बाकीच्यांत हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होतं. काम तेच, मुलं तशीच, फरक पडला तो एका वाक्याने.

‘या वर्षी मनापासून अभ्यास करणार’ हा संकल्प झाला. ‘चहाचा कप विसळून ठेवला की खिडकीजवळच्या सतरंजीवर बसून आधी गणिताची वही उघडणार’ ही योजना झाली. संकल्पाला दारही नसतं आणि उंबराही नसतो, मन त्यात शिरणार कुठून? योजनेत एक खूण असते. चहाचा कप, दिवेलागण, मशिदीतली अजान, सातची एसटी, शेजारच्या गिरणीचा आवाज यांपैकी काहीही खूण म्हणून चालतं. ती रोज आपोआप घडणारी असावी, एवढंच. घड्याळ विसरता येतं, दिवेलागण विसरता येत नाही.

जागेचंही तसंच. ‘आमच्याकडे वेगळी खोली नाही’ ही अडचण खरी आहे आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांची आहे. तीच अडचण एकेकाळी परळच्या चाळीतल्या एका खोलीत होती. स्वयंपाक, झोपणं, अभ्यास, सगळं त्या एकाच खोलीत. शाळकरी भीमरावांनी संध्याकाळी लवकर झोपायचं, वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि स्वतः त्या मोकळ्या झालेल्या जागेवर आडवे व्हायचे, अशी आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात येते. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. जागा मिळत नव्हती, म्हणून त्या घराने वेळ वापरली. रात्री दोनला मुलांना उठवावं असं मी म्हणत नाही. झोपेविषयी पुढे बोलायचंच आहे. सांगायचं ते असं की घरातला एक कोपरा आणि दिवसातला एक तुकडा मुलाच्या नावावर करून देता येतो, मग घर एका खोलीचं का असेना.

सवय लागायला किती दिवस लागतात?

‘एकवीस दिवस’ असं उत्तर सगळीकडे ऐकू येतं. त्याचा उगम मजेशीर आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. पुढे सांगोवांगीत ‘निदान’ हा शब्द गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली.

प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासात ९६ जण होते. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी सवय निवडली आणि ती रोज ठरलेल्या खुणेला जोडली. जेवणाबरोबर फळ खाणं, न्याहारीनंतर चालायला जाणं, अशा साध्या गोष्टी. ती क्रिया विचार न करता घडू लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. सोप्या सवयी लवकर लागल्या, कष्टाच्या उशिरा.

या अभ्यासातलं आणखी एक निरीक्षण मला प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावंसं वाटतं. मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. मुलं हरतात ती नेमकी इथे. सोमवारी वेळापत्रक केलं, गुरुवारी पाहुणे आले, अभ्यास बुडाला, आणि शुक्रवारी ‘आता मोडलंच आहे, पुढच्या सोमवारपासून नव्याने’. पुढच्या सोमवारपासून काहीच होत नाही. वेळापत्रक काचेच्या ग्लासासारखं नसतं. ते पायवाटेसारखं असतं. एक दिवस त्यावरून कुणी गेलं नाही म्हणून पायवाट बुजत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेने जायचं असतं.

म्हणून सुरुवात लहान करावी. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं, पण रोज, त्याच जागी, त्याच खुणेला. वीस मिनिटांनी बसण्याची सवय लागली की वेळ वाढवणं सोपं जातं. पहिल्याच दिवशी चार तासांचं वेळापत्रक रंगीत पेनांनी भिंतीवर लावणारा मुलगा प्रामाणिक असतो. त्याने घेतलेलं ओझं मात्र त्याच्या आजच्या खांद्यांना पेलणारं नसतं.

विसरण्याची उतरंड

आता दुसरी बाजू. मूल वेळेवर बसतं, दोन-दोन तास बसतं, आणि तरीही परीक्षेत ‘वाचलेलं आठवतच नाही’ म्हणतं. आईवडिलांना वाटतं लक्ष नाही. मुलाला वाटतं आपल्याला डोकंच नाही. बहुतेक वेळा दोघंही चुकतात.

हर्मन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने विसरण्याची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी केली. प्रयोगाला माणसं कुठून आणणार? त्याने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली सुमारे २,३०० अक्षरं त्याने तयार केली, म्हणजे जुनी ओळख मदतीला येण्याचा प्रश्न नको. त्यांच्या याद्या बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा, मग तीच यादी पुन्हा पाठ करायची आणि दुसऱ्या खेपेला किती कष्ट वाचले ते मोजायचं. वर्षानुवर्षं हे काम करून १८८५ साली त्याने आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं.

आकडे असे आले. वीस मिनिटांनी साधारण ५८ टक्के कष्ट वाचत होते. एका दिवसानंतर ३४ टक्के. एका महिन्यानंतर २१ टक्के. उतार सुरुवातीला कड्यासारखा आणि पुढे पठारासारखा. जे निसटायचं ते बहुतांश पहिल्या दिवसातच निसटतं. आज वर्गात समजलेला धडा उद्या अनोळखी वाटतो तो यामुळेच, आणि हे हुशार-मठ्ठ सगळ्यांच्याच बाबतीत घडतं. एबिंगहाऊसच्या याद्या निरर्थक होत्या. समजून घेतलेला धडा इतक्या वेगाने निसटत नाही. पण उताराचा आकार तोच राहतो.

त्याच पुस्तकात उताराला बांध घालण्याची युक्तीही आहे. बारा अक्षरांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच आधीच्या तीन दिवसांत विभागलेल्या अवघ्या ३८ उजळण्यांनी साधलं. म्हणजे जवळजवळ निम्मे कष्ट. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. महिनाभराचं पाणी एका रात्रीत सोडलं तर पीक जगत नाही, ते वाहून जातं. पाळीपाळीने दिलेलं पाणीच मुळांना लागतं.

तेव्हा आज शिकलेलं उद्या एकदा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. परीक्षा जितकी लांब, तितकी ही अंतरं मोठी ठेवता येतात. हिशेबाचं ओझं नको असेल तर जर्मनीत सेबास्टियन लाईटनर यांनी १९७२ साली सुचवलेली पेटी घरी करता येते. साडीच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार पडदे लावले की पाच कप्पे झाले. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करायच्या, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सगळ्या चिठ्ठ्या आधी पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात सरकते, चुकलं तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे क्रमाने अधिक दिवसांच्या अंतराने. जे येतं त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते रोज समोर येतं.

पुस्तक मिटा

उजळणी करायची म्हणजे काय करायचं? शंभरातली नव्वद मुलं सांगतील, ‘पुन्हा वाचायचं’. महत्त्वाच्या ओळी हायलायटरने पिवळ्या करायच्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्या पिवळ्या ओळी वाचायच्या. अभ्यासाची ही सगळ्यात लोकप्रिय पद्धत आहे आणि सगळ्यात फसवी.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा पाच-पाच मिनिटांच्या चार खेपांत पुन्हा पुन्हा वाचला. सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने पहिल्या खेपेत वाचला, सरासरी तीन-साडेतीन वेळा, आणि पुढच्या तिन्ही खेपांत उतारा समोर न ठेवता आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१.

या प्रयोगात एक प्रश्न असाही विचारला होता, ‘आठवड्यानंतर तुम्हाला हे कितपत आठवेल?’ सगळ्यात जास्त खात्री वाटत होती ती चौदा वेळा वाचणाऱ्यांना. आपल्या घराघरात हेच घडतं. पुन्हा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ओळख म्हणजेच ज्ञान, असा समज होतो. रोज एसटीत दिसणाऱ्या माणसाचा चेहरा आपण ओळखतो, म्हणून त्याचं नाव-गाव सांगता येत नाही. परीक्षेला नाव-गाव लागतं.

आठवताना मनाला ताण पडतो, अडखळायला होतं, काही सापडत नाही. मुलाला वाटतं, अभ्यास नीट होत नाहीये. प्रत्यक्षात अभ्यास तेव्हाच होत असतो. विहिरीतून पाणी शेंदलं की झरे मोकळे होतात. काठावर बसून विहिरीत किती बघितलं तरी ते होत नाहीत.

आपल्या भाषेला हे माहीत होतं. ‘अभ्यास’ या शब्दाचा मूळ अर्थच पुन्हा पुन्हा करणं असा आहे. संस्कृत व्याकरणात द्वित्व झालेल्या धातूच्या पहिल्या भागाला अभ्यास म्हणतात. पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यास पक्का होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत, दीर्घ काळ, खंड न पडणं आणि आदर. अभ्यास हा शब्द करण्याचा आहे. नुसतं वाचणं ही त्याची पहिली पायरी.

इथे परवच्याची एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. अर्थ न कळता म्हटलेला पाढा आकड्यांपुरता उपयोगी पडतो. अर्थ न कळता घोकलेला विज्ञानाचा धडा कुठेच उपयोगी पडत नाही. म्हणून नव्या परवच्यात वाक्यं पुस्तकाची नसावीत, आपली असावीत. दहावीच्या विज्ञानातला गुरुत्वाकर्षणाचा धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि कच्च्या वहीत लिहायचं, मुक्तिवेग म्हणजे काय, तो पृथ्वीवर आणि चंद्रावर वेगळा का, चेंडू वर फेकला तर परत का येतो. चित्र काढायचं, सूत्र लिहायचं, एखादं उदाहरण द्यायचं. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते लाल पेनाने भरायचं. ती लाल अक्षरं म्हणजे उद्याचा अभ्यास. काय येत नाही हे नेमकं कळणं, ही परीक्षेच्या दोन महिने आधी हाती लागलेली सगळ्यात किमती माहिती असते.

गणिताची सरमिसळ

गणितात ही फसवणूक वेगळ्या रूपात येते. वर्गसमीकरणांचा सरावसंच घेतला, वीस गणितं सोडवली, पंधरावं सुटेपर्यंत हात आपोआप चालायला लागला. परीक्षेत तेच गणित शब्दांत गुंडाळून येतं आणि मूल विचारतं, ‘हे कुठल्या प्रकरणातलं?’ सरावसंचाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव होतं, म्हणून कुठली रीत वापरायची हे ठरवण्याची वेळच त्याच्यावर आली नव्हती.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली ही गोष्ट मोजली. चार निरनिराळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला विद्यार्थ्यांना शिकवलं. काहींनी एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, काहींनी चारही आकृतींची सरमिसळ करून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के गणितं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर टिकून राहिले.

यासाठी वेगळं पुस्तक आणायला नको. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ असतो. घाईत तोच सुटतो किंवा ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला पडतो. रोज त्यातली दोन गणितं, गेल्या महिन्यातल्या प्रकरणातली दोन आणि आजची चार, अशी आठ गणितं घ्यावीत. सुरुवातीला चुका वाढतील. त्या चुका वाढल्या म्हणून घाबरू नये, त्यांचा मोबदला फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतो.

झोप अभ्यासातच धरावी

१९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेन्किन्स आणि कार्ल डॅलनबाक यांनी दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. दहा निरर्थक अक्षरांची यादी पाठ करायची; कधी त्यानंतर झोपायचं, कधी जागं राहून दिवसाची कामं करायची. आठ तासांनी, झोपून उठल्यावर दहापैकी पाचाहून अधिक अक्षरं आठवत. जागेपणी गेलेल्या आठ तासांनंतर जेमतेम एक. माणसं दोनच होती, पण पुढच्या शंभर वर्षांतल्या मोठ्या प्रयोगांनी याच दिशेने कौल दिला आहे. दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करत असतो.

डॉ. आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने आपल्या अनेक महाविद्यालयांत अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. एका महापुरुषाला पुस्तक उघडून वाहिलेलं हे अभिवादन मला फार सुंदर वाटतं. ते अभिवादन वर्षातून एक दिवसाचं आहे. उरलेल्या दिवसांत रात्री जागून अभ्यास करणारा विद्यार्थी दिवसभर जे कमावतो त्यातलं बरंच पहाटेपर्यंत घालवून बसतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तर दहाला दिवा मालवावा. त्या रात्री नवं काही येणार नसतं. आलेलं टिकवायचं असतं.

एक संध्याकाळ, दीड तास

वडगावचा भोंगा जितका वेळ देतो, तेवढ्याच वेळात हे सगळं बसवून बघू.

पहिली दहा मिनिटं कालच्या परवच्याची. पुस्तक मिटलेलं, काल काय शिकलो ते तोंडी किंवा कागदावर. पुढची तीस मिनिटं आजच्या नव्या धड्याची, शांतपणे, समजून घेत. मग पाच मिनिटं उठायचं, पाणी प्यायचं, अंगणात चक्कर मारायची; या पाच मिनिटांत मोबाइल हातात घ्यायचा नाही, कारण तो पाचच मिनिटं हातात राहत नाही. पुढची तीस मिनिटं सरमिसळ केलेल्या गणितांची. मग दहा मिनिटं आजच्या धड्यावरून पुस्तक मिटून लिहायचं. शेवटची पाच मिनिटं उद्याच्या तयारीची. उद्या सुरुवात कुठल्या प्रश्नाने करायची, तो प्रश्न वहीच्या वर लिहून ठेवायचा आणि दप्तर भरायचं. उद्या बसल्यावर ‘काय घेऊ’ हा प्रश्न पडायला नको.

दीड तास जमत नसेल तर पाऊण तास करावा, सगळं निम्मं. शेतीच्या कामांच्या दिवसांत, घरात लग्नकार्य असताना, एवढंच करावं: दहा मिनिटं पुस्तक मिटून आठवणं. पायवाट बुजू द्यायची नाही.

ऐकणारा कान

शेवटचं घरातल्या मोठ्यांसाठी.

पुष्कळ आईवडील मनातल्या मनात खचलेले असतात. ‘आम्ही शिकलेलो नाही, मुलांचा अभ्यास आम्ही काय घेणार?’ मग त्यांना वाटतं, जास्त फीचा क्लास लावला तरच आपलं कर्तव्य झालं. त्यांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं की वर आलेल्या प्रयोगांत इतकी उपयोगी ठरलेली गोष्ट मुलाकडून करून घेण्यासाठी शिकलेलं असावं लागत नाही. मुलाने पुस्तक मिटायचं आणि सांगायचं. समोर ऐकणारं कुणी हवं. भाकऱ्या थापता थापता आईने म्हणावं, ‘सांग बघू, आज काय शिकलास?’ आणि मुलगा अडखळला की एवढंच विचारावं, ‘म्हणजे कसं? मला नाही कळलं.’

आईला खरंच कळलेलं नसतं, आणि म्हणूनच तो प्रश्न खरा असतो. तिला समजावं म्हणून मुलगा सोपे शब्द शोधतो, चुलीवरच्या तव्याचं उदाहरण देतो, उष्णता लोखंडातून भाकरीत कशी गेली ते हाताने दाखवतो. दाखवता दाखवता अडतो. ‘थांब, बघून सांगतो,’ म्हणतो आणि पुस्तक आणायला उठतो.

त्या उठण्यासाठी त्याला कुणी सांगितलेलं नसतं.